बागेतली मोने फॅमिली, एक दुपार आणि दोन चित्रकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एदुआर मानेचं एक ऑइल पेंटिंग आहे. बागेत झाडाखाली बसलेली बाई, तिला टेकून आडवा पडलेला मुलगा आणि मागे फुलझाडांत काहीतरी खुडबूड करणारा नवरा. हे चित्र कुणालाही दाखवलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही. घाई असेल तर मानेचं हे आणि त्याच दुपारचं रेनवा या चित्रकाराचं, अशा दोन चित्रांतल्या फरकाचा प्रश्न तेवढा वाचा, मुख्य गंमत तिथेच आहे.

हे चित्र नक्की कुठलं? नाव, साल, साइज सांगा.

'आर्जांतयच्या बागेतलं मोने कुटुंब', १८७४, कॅनव्हासवर तैलरंग. उंची ६१ सेंमी, रुंदी ९९.७ सेंमी, म्हणजे जवळजवळ मीटरभर आडवं. सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे आहे. जोन व्हिटनी पेसन नावाच्या बाईंनी मृत्युपत्रात ते म्युझियमला दिलं, त्या वारल्या १९७५ मध्ये. याच बाई न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल टीमच्या मालकीण होत्या. चित्राशी याचा काडीचा संबंध नाही पण मला सांगायला आवडतं.

माने आणि मोने एकच ना?

नाही हो. एदुआर माने वेगळा, क्लोद मोने वेगळा. माने १८३२ चा, मोने १८४० चा, आठेक वर्षांचं अंतर. कमळांची तळी काढणारा तो मोने. या चित्रात चित्रकार आहे माने आणि मागे झाडांशी झटतोय तो मोने. (आणि म्हसवडच्या मान्यांशी काही नातं नाही, हा विनोद करून झालेला आहे.)

तुमचा घोळ होत असेल तर वाईट वाटून घेऊ नका, पॅरिसवाल्यांचाही झाला होता. १८६५ च्या सरकारी प्रदर्शनात, म्हणजे ज्याला सलों म्हणायचे तिथे, मोनेची समुद्राची चित्रं लागली होती आणि लोक येऊन मानेचं अभिनंदन करायला लागले. माने भडकला, त्याला वाटलं कोणीतरी मुद्दाम आपल्या नावाचा फायदा उठवतंय. पुढे मात्र दोघांची चांगली गट्टी जमली.

चित्रात काय काय आहे? मला तर नुसतं हिरवं दिसतं.

मग जरा थांबून बघा. आकाश नाहीये, हे आधी लक्षात घ्या. वरपर्यंत सगळी झाडी, खाली सगळं गवत आणि त्या हिरव्यात मधोमध कामीयचा पांढरा ड्रेस पसरलाय. कामीय म्हणजे मोनेची बायको. ती खाली गवतावर बसलीये, डोकं हाताला टेकवून. मुलगा जाँ, सातेक वर्षांचा, तिच्या अंगावर रेलून लोळतोय, आईला बाहेर बसलेलं बघून पोरं जशी येऊन सांडतात तसा. डावीकडे मागे मोने वाकून झाडांचं काहीतरी करतोय, जवळ झारी ठेवलीये. आणि गवतात एक कोंबडा, एक कोंबडी आणि एक पिल्लू.

ड्रेसचा पांढरा नीट बघा, त्यात निळसर आणि करड्या रंगाचे फटकारे सरळ दिसतात, घड्या नुसत्या सुचवल्यात. चेहऱ्यावर तर अगदी मोजकं काम आहे. तरीसुद्धा ही बाई थोडी कंटाळलीये हे कळतंच. कसं कळतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या दुपारी नक्की काय झालं होतं?

१८७४ च्या उन्हाळ्यात माने सुट्टीला जेनव्हिलिएला, म्हणजे घरच्यांच्या जागेवर येऊन राहिला होता आणि सीन नदीच्या पलीकडे आर्जांतयला मोने राहायचा. नदी ओलांडली की मित्राचं घर, त्यामुळे येणंजाणं चालूच. अशाच एका दिवशी माने मोनेच्या बागेत ईझल मांडून बसला आणि कामीय नि जाँला समोर बसवून चित्र सुरू केलं. तेवढ्यात ऑगस्त रेनवा टपकला. त्याने हे दृश्य पाहिलं आणि राहवेना, पण बरोबर काहीच आणलेलं नव्हतं, म्हणून रंग, ब्रश, कॅनव्हास सगळं तिथेच उसनं घेतलं आणि मानेच्या शेजारी बसून त्याच दोघांना रंगवायला घेतलं. आणि मोने काय करत होता? तो चित्र काढणाऱ्या मानेचं चित्र काढत होता!

म्हणजे एक बाग, एकाच उन्हाळ्यातली दुपार आणि तीन चित्रकार. आज यांच्या चित्रांच्या किमती ऐकून घेरी येते, पण तेव्हा यातल्या दोघांना घरभाड्याची काळजी होती. पैशाची फिकीर फक्त मानेला नव्हती, तो खात्यापित्या घरचा.

मानेने रेनवाला नावं ठेवली असं ऐकलंय, खरं का?

गोष्ट अशी सांगतात की माने मधूनमधून रेनवाच्या कॅनव्हासकडे बघायचा, तोंड वाकडं करायचा आणि मग हळूच मोनेजवळ जाऊन म्हणाला की या पोराला काही येत नाही, तू मित्र आहेस ना त्याचा, सांग त्याला सोडून दे म्हणून. ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मोनेकडून, तीही जवळजवळ ५० वर्षांनी, मोने ऐंशीच्या पुढे असताना. इतक्या वर्षांत गोष्टीला थोडंफार मीठमसाला लागणारच.

मला विचाराल तर ती मस्करी असावी. रेनवा मानेला काही नवा नव्हता. १८७० साली फाँतँ-लातूर या चित्रकाराने मानेच्या भोवती उभ्या असलेल्या तरुण चित्रकारांचं मोठं ग्रुप पेंटिंग केलंय, पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे ते, त्यात रेनवा आहे आणि मोनेही आहे. शेजारी बसून कुणीतरी तेच मॉडेल आपल्यापेक्षा भराभर रंगवतंय म्हटल्यावर कुणाचीही जरा चिडचिड होईलच ना, माने झाला म्हणून काय झालं.

दोन चित्रांत फरक काय? चांगलं कुठलं?

रेनवाचं चित्र 'मादाम मोने आणि तिचा मुलगा', साइज ५०.४ बाय ६८ सेंमी, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. दोन्ही चित्रं मोबाइलवर शेजारी शेजारी उघडा आणि मगच पुढे वाचा.

पहिला फरक अंतराचा. माने लांब आहे. त्याला पूर्ण बाग हवीये, मागचा नवरा हवाय, कोंबड्या हव्यात, म्हणून कॅनव्हास आडवा लांबलचक. रेनवा एकदम जवळ आलाय, त्याच्या चित्रात आई, मुलगा आणि एक कोंबडा, बास. मोने गायब. बागसुद्धा जवळजवळ गायब, नुसतं गवत, आणि तेही असं वर चढलंय की ही दोघं बसलीत की भिंतीवर चिकटवलीत असा क्षणभर प्रश्न पडतो.

दुसरा फरक हाताचा. रेनवाचा ब्रश घाईत आहे, फटकारे लांब, मऊ, एकात एक मिसळलेले, ड्रेसचा पांढरा आणि गवताचा हिरवा कडेला एकमेकांत उतरतो. मानेचे रंग सपाट आणि ठाम, पांढरा पांढराच, काळपट हिरवा काळपट हिरवाच. स्टुडिओत बसून कमावलेला हात आहे तो, बाहेर उन्हात आला तरी सवय जात नाही.

आणि तिसरा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे प्रत्येकाने काय सांगायला घेतलं. रेनवाला माणसं आवडतात. त्याला ही आई आणि हे पोर हवंय, त्यांची ऊब हवीये, आणि ती त्याने पकडलीये. मानेने एक आख्खं घर रंगवलंय. नवरा त्याच्या कामात, मुलगा लोळतोय, बायको मधे बसून आहे आणि तिघांपैकी कुणीच कुणाकडे बघत नाहीये. रविवार दुपारची आपल्याकडची घरं आठवा, सगळे एकत्र आणि प्रत्येकजण आपापला. मला तरी या चित्राची सगळी ताकद त्यात दिसते.

चांगलं कुठलं? रेनवाचं पहिल्या नजरेत आवडतं, मानेचं हळूहळू चढतं. आमच्या घरात यावर दोन पार्ट्या आहेत आणि मी मानेच्या पार्टीत.

मोनेने काढलेलं तिसरं चित्र कुठे आहे?

ते जर्मन चित्रकार माक्स लीबरमान यांच्या संग्रहात होतं. आता कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही, ठावठिकाणा अज्ञात असंच सगळीकडे लिहिलेलं असतं. रेनवाचं मात्र मोनेने शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवलं, जिव्हर्नीच्या घरात. ज्याला 'सोडून दे म्हणून सांग' म्हटलं होतं त्याचंच!

कोंबडा-कोंबडीचं काय प्रकरण आहे?

कोंबडा, कोंबडी, पिल्लू आणि नवरा, बायको, मुलगा. जोडी लावा. मानेला असला चावटपणा आवडायचा आणि बहुतेक अभ्यासक हे मुद्दाम केलंय असंच मानतात. यापेक्षा खोल अर्थ काढत बसू नका.

आर्जांतय कुठे आलं? एवढी मोठी बाग मोनेची स्वतःची होती का?

पॅरिसपासून साधारण ११ किलोमीटरवर, सीनच्या काठी. सँ-लाझार स्टेशनवरून ट्रेन पकडली की थोड्या वेळात पोचायचं. रेल्वे आल्यावर पॅरिसकर रविवारी होड्या चालवायला, हवा खायला तिथे जायला लागले, त्याच वेळी कारखाने पण उभे राहत होते. मोनेच्या काही चित्रांत शिडांच्या होड्यांमागे कारखान्याची धुराडी दिसतात, बागेच्या चित्रांत ती कटाक्षाने नसतात.

घर भाड्याचं. मोने कुटुंब १८७१ च्या डिसेंबरात तिथे आलं, घर मानेच्या ओळखीतून मिळालं असं म्हणतात. १८७८ च्या सुरुवातीला त्यांनी आर्जांतय सोडलं. मधे १८७४ च्याच शरद ऋतूत ते त्याच गावात दुसऱ्या घरात शिफ्ट झाले, म्हणजे चित्रातली ही बाग त्यानंतर काही महिन्यांतच सुटली. भाड्याच्या जागेत इतका जीव लावून फुलं लावणारा माणूस पुढे जिव्हर्नीला जागा घेऊन काय करेल याची झलक इथेच दिसते.

पैशाचं म्हणाल तर १८७३ पर्यंत द्युराँ-र्युएल हा डीलर धडाधड चित्रं विकत घेत होता, मंदी आली आणि १८७४ मध्ये त्याची खरेदी थांबली. त्यामुळे चित्रातल्या निवांतपणावर फार जाऊ नका.

कामीयबद्दल अजून सांगा ना.

कामीय दाँसियो, जन्म १८४७. मोने आणि ती भेटले तेव्हा ती मॉडेल म्हणून काम करायची. १८६६ च्या सलोंमध्ये मोनेने तिचं हिरव्या ड्रेसमधलं मोठं चित्र लावलं आणि त्याचं नाव झालं. मग 'बागेतल्या स्त्रिया' हे अडीच मीटर उंचीचं चित्र. ते उघड्यावर काढायचं म्हणून मोनेने जमिनीत चर खणून घेतला आणि वरचा भाग रंगवताना कॅनव्हास त्यात खाली सरकवायचा. चार बायका आहेत चित्रात आणि बहुतेकींसाठी कामीयच उभी राहिली, ड्रेस बदलून बदलून. १८६७ च्या सलोंने ते नाकारलं. पुढे १९२१ मध्ये फ्रेंच सरकारने तेच चित्र मोनेकडून २ लाख फ्रँकला विकत घेतलं.

जाँ झाला १८६७ मध्ये, लग्न झालं १८७० मध्ये. आर्जांतयच्या वर्षांत ती मोनेच्या किती चित्रांत आहे त्याला गणती नाही, बाकावर, छत्री घेऊन, खिडकीत, गवतात. लोक म्हणतात किती आरामाचं आयुष्य. पण पोझ देणं हे काम आहे, आणि शेजारी सात वर्षांचं पोर असताना तर डबल काम, एकाने हलू नको म्हणायचं आणि दुसऱ्याने दर दोन मिनिटांनी झालं का विचारायचं. इथे तर ती एकाच वेळी दोघांसाठी बसलीये आणि तिला त्याचे पैसे मिळाले असतील असं वाटत नाही. म्हणून तो कंटाळा मला अगदी खरा वाटतो.

१८७८ मध्ये दुसरा मुलगा मिशेल झाला. कामीयची तब्येत ढासळत गेली आणि १८७९ च्या सप्टेंबरात व्हेतय गावी ती वारली, वय ३२. मोनेने तिचं मृत्यूनंतरचंही चित्र काढलं, ओर्सेमध्ये आहे. पुढे त्याने आपला मित्र क्लेमांसो यांना सांगितलं होतं की तिच्याजवळ बसलेला असताना आपण तिच्या चेहऱ्यावरचे बदलत जाणारे रंग टिपत होतो हे त्याच्या लक्षात आलं. ते चित्र बघून झालं की आर्जांतयची ही बाग परत उघडून बघायला मला थोडा वेळ लागतो.

चेहरे असे अर्धवट का? फिनिशिंगच नाही.

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो आणि त्याचं कारणही आहे. तैलचित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजा रविवर्मा येतात, मुंबईत १८९४ ला त्यांचा छापखाना निघाला आणि त्या छापील चित्रांनी घराघरातल्या भिंती भरल्या. गुळगुळीत कातडी, साडीचा काठ, दागिन्यातला खडा न् खडा. पॅरिसच्या सलोंलाही तसंच फिनिश लागायचं, त्यामुळे तिथले लोकही असंच बोलत होते. या चित्राच्या काही महिने आधी, १५ एप्रिल १८७४ ला, मोने, रेनवा, देगा, पिसारो, बेर्त मोरिझो वगैरे मंडळींनी फोटोग्राफर नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं आणि लुई लरुआ नावाच्या समीक्षकाने त्यांची यथेच्छ टिंगल केली. 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव त्या टिंगलीतूनच चिकटलं.

या लोकांना चेहरा काढता येत नव्हता असं नाही. झाडाखालच्या सावलीत, लांबून, पानांतून ऊन सांडत असताना तुम्हाला कुणाच्या पापण्या दिसतात का? जेवढं दिसतं तेवढंच काढायचं, माहिती आहे म्हणून भरायचं नाही.

मग माने पण इम्प्रेशनिस्टच ना?

तो त्यांच्या एकाही प्रदर्शनात सामील झाला नाही. त्याला सलोंमध्येच मान हवा होता. पण या उन्हाळ्यात मोनेच्या संगतीने तो बाहेर येऊन उजळ रंगात कामाला लागला, होडीतल्या जोडप्याची चित्रं, होडीत बसून चित्र काढणारा मोने, सगळी त्याच वेळची. नातं कुठलं म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी त्याला शेजारच्या वाड्यातला म्हणते.

ऑइल पेंट बाहेर बागेत कसं काय? ते तर वाळायला दिवस लागतात.

वाळू द्यायचंच नाही, ओल्यावर ओला रंग लावत जायचं. कडा एकमेकांत मिसळलेल्या दिसतात त्या त्यामुळे. घरी नेताना कॅनव्हास कशाला घासला की संपलं.

पण हे शक्य झालं ते ट्यूबमुळे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणाऱ्या पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे, टाचणीने भोक पाडून पिळायचे, आणि एकदा फोडली की रंग आटायला लागायचा. ट्यूब आली, झाकण आलं, आणि कोबाल्ट ब्लू, व्हिरिडियन असे कारखान्यात बनलेले चमकदार निळे-हिरवे रंग बाजारात मिळायला लागले. उसने रंग घेऊन रेनवा झटपट बसू शकला तो याचमुळे, नाहीतर आधी रंग घोटण्यात दुपार गेली असती.

बागा, बायका, मुलं हेच विषय सारखे का?

एक तर स्वस्त. मॉडेलचे पैसे नाहीत, जागेचं भाडं वेगळं नाही. आणि पुराणकथा, लढाया, राजे यांनी भरलेल्या सलोंला वैतागलेल्या लोकांना आजचं, समोरचं जगणं काढायचं होतं.

बायकांच्या बाबतीत कारण अजून वेगळं. बेर्त मोरिझो किंवा मेरी कॅसॅट यांना पुरुषांसारखं कॅफेत एकटं जाऊन बसता येत नव्हतं आणि सरकारी कलाशाळेचे दरवाजे स्त्रियांना १८९७ पर्यंत बंदच होते. घर आणि बाग हाच त्यांचा स्टुडिओ. मोरिझोने १८७४ च्या डिसेंबरात मानेच्या भावाशी, एजेनशी लग्न केलं आणि १८८१ मध्ये बूजिव्हालच्या बागेत मुलीबरोबर बसलेल्या एजेनचं चित्र काढलं. इथे बागेत मुलीला घेऊन बसलेला बाप आहे आणि चित्र काढतेय आई. मानेच्या चित्राच्या नंतर हे मुद्दाम बघा.

प्रत्यक्ष बघायला कुठे जायचं?

दोन्ही चित्रं अमेरिकेत. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी फुकट आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला न्यूयॉर्क राज्यातल्या लोकांना परवडेल तेवढं देता येतं, न्यूजर्सीतल्या आपल्या मंडळींना मात्र पूर्ण तिकीट, विद्यार्थी असाल तर सुटलात. जायच्या आधी वेबसाइटवर चित्र भिंतीवर आहे ना ते बघून घ्या, कधीकधी बाहेर प्रदर्शनाला गेलेलं असतं.

प्रिंट काढून घरी लावली तर चालेल का?

खुशाल. चित्रांवर कॉपीराइट नाही आणि दोन्ही म्युझियम मोठ्या साइजच्या फाइल फुकट डाऊनलोड करू देतात. मूळ मापात हवं असेल तर मानेचं साधारण २४ बाय ३९ इंच आणि रेनवाचं २० बाय २७. ग्लॉसी कागद घेऊ नका, दिवसा समोर खिडकी असेल तर नुसती खिडकीच दिसेल. स्क्रीनवर हिरवा फार भडक दिसतो, त्यामुळे आधी छोटी टेस्ट प्रिंट मागा. आणि ए-थ्री वगैरे ठरलेल्या साइजमध्ये मानेचं चित्र पूर्ण बसत नाही, प्रिंटवाला म्हणेल बाजूने थोडं कापतो, कळणार पण नाही. डावीकडून कापलं तर मोनेच जाईल, तेव्हा वरखाली पांढरी पट्टी राहू दे म्हणून सांगा.